मुलांसाठी फासे: कोणते घ्यावेत, कोणते दुकानातच राहू द्यावेत

पाच ते आठ वर्षांच्या मुलासाठी एकच वस्तू घ्यायची असेल, तर १६ मिलिमीटरचे, खोलगट ठिपक्यांचे दहा फासे घ्या. सोबत तीन-चार सेंटिमीटर उंच कड असलेला एखादा ट्रे. एवढ्यावर बोटांचा व्यायाम, मोजणी, बेरीज आणि थोडासा हिशेबी धोका पत्करणं, हे सगळं दोन-तीन वर्षं पुरतं. ‘बुद्धिविकास’ असं मोठ्या अक्षरांत छापलेल्या खोक्यांत बरेचदा पुठ्ठ्याचा पट, कार्डांचा गठ्ठा आणि जेमतेम एक फासा असतो. मुलाच्या हाताला खरं काम देणारी वस्तू नेमकी तीच, आणि काटकसरही तिथेच झालेली असते. म्हणून इथे पटांची नव्हे, फाशांची पारख केली आहे: कोणता फासा कोणत्या वयाच्या हातात नीट बसतो, त्यातून काय घडतं आणि काय बिघडतं.

आधी एक अट. तीन वर्षांखालच्या मुलाजवळ नेहमीचा फासा ठेवायचाच नाही. खेळण्यांच्या सुरक्षा चाचणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक नळी वापरतात. तिच्यात मावणारी वस्तू मूल गिळू शकतं असं धरतात. १६ मिलिमीटरचा फासा तिच्यात सहज जातो, लाकडी २५ मिलिमीटरचा मात्र कोपऱ्यांमुळे मावत नाही. घरात धाकटं भावंड रांगत असेल तर खेळ संपल्यावर फासे मोजूनच डब्यात भरायचे. हे मोजायचं काम मोठ्या मुलालाच द्या, त्यात त्याचीही मोजणी होते.

लुडोच्या खोक्यातला फासा

हा साधारण १० ते १२ मिलिमीटरचा असतो. मोठ्यांना चालतो, पाच वर्षांच्या मुलाला नाही. एवढी लहान वस्तू उचलायला अंगठा आणि तर्जनीची टोकं अचूक जुळावी लागतात. ते जमत नसेल तर मूल फासा टेबलाच्या कडेपर्यंत घासत आणतं आणि तळहातात पाडून घेतं. ठिपके रंगवलेले असतील तर काही महिन्यांत उडतात, आणि पाचाचा चार झाला की भांडण ठरलेलं. पट ठेवा, फासा बदला.

१६ मिलिमीटरचा फासा: बोटांचं खरं काम इथे

फासा टाकण्यापेक्षा तो हातात धरण्यात आणि फिरवण्यात जास्त कसब लागतं, हे बहुतेक पालकांच्या लक्षात येत नाही. पेन्सिल धरून ती बोटांतच पुढे-मागे सरकवणं, शर्टाचं बटण काजातून काढणं, मुठीतल्या नाण्यांतून एक नाणं पुढे आणणं, या सगळ्यांत एकाच हाताची बोटं दुसऱ्या हाताच्या मदतीशिवाय वस्तू हलवतात. फाशांनी तो सराव असा होतो:

टेबलावर तीन फासे ठेवा. मुलाने अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट वापरून एक फासा उचलायचा आणि त्याच हाताने तळहातात सरकवायचा. तो तिथेच धरून दुसरा उचलायचा, मग तिसरा. आता उलट: तळहातातला एकेक फासा बोटांच्या टोकांशी आणून टेबलावर ओळीत मांडायचा. आत नेण्यापेक्षा बाहेर आणणं अवघड असतं, त्यामुळे जमत नसेल तर सुरुवात एकाच फाशाने करा. तीन जमले की चार, मग पाच. सगळ्यात शेवटी फिरवणं. फासा बोटांच्या टोकांत धरून, टेबलाला न टेकवता, ‘चार वर आण’ म्हटल्यावर चार वर आणायचा.

बिघडतं ते बहुधा तीन ठिकाणी. पहिलं, मूल फासा छातीला किंवा पोटाला टेकवून आत ढकलतं. अशा वेळी कोपर टेबलावर टेकवायला सांगा, हात शरीरापासून लांब राहतो. दुसरं, उचलताना आधीचे फासे सांडतात. याचा अर्थ करंगळी आणि अनामिका मिटून धरत नाहीत, पाचही बोटं एकत्रच उघडतात. त्या दोन बोटांखाली कागदाचा छोटा बोळा धरायला द्या आणि उरलेल्या तिघांनी फासा उचलायला सांगा. हाताची एक बाजू स्थिर आणि दुसरी हलती, ही विभागणी पुढे लिहिताना फार उपयोगी पडते. तिसरं कारण हाताचं नसतंच, बैठकीचं असतं. टेबल उंच असलं की खांदे वर चढतात आणि मनगट वाकडं होतं. टेबल बसलेल्या मुलाच्या कोपराच्या पातळीला हवं आणि पाय टेकलेले हवेत. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा.

फेकण्यातही शिकण्यासारखं आहे. लहान मुलं फासा टाकत नाहीत, भिरकावतात, आणि निम्मा वेळ पलंगाखाली शोधण्यात जातो. त्यावर ओरडून काही होत नाही. ‘ट्रेबाहेर पडलेलं दान बाद’ एवढा नियम ठेवला की जोर आपोआप बेताचा होऊ लागतो, कारण आता चुकीची किंमत खेळातच मोजावी लागते. ट्रे नसेल तर परात चालेल, पण तळाशी जुना टॉवेल अंथरा. स्टीलवर दहा फाशांचा आवाज मोठा होतो आणि आवाजाने बिचकणारी मुलं तिथेच खेळ सोडतात.

पेल्यातून फासे टाकण्याची सवय अवश्य लावा. एका हाताने पेला धरायचा, दुसऱ्याचा तळवा तोंडावर ठेवायचा, हलवायचा आणि पेला टेबलावर उपडा मारायचा. दोन हात दोन वेगळी कामं करतात आणि उपडा करताना कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग पूर्ण फिरतो. पेला जाड प्लॅस्टिकचा घ्या. काचेचा तर नकोच, आणि कागदी पेला मुठीत चेपतो.

ठिपके खोलगट आहेत का, हे बोट फिरवून बघा. खोलगट ठिपके रंग उडाला तरी वाचता येतात, आणि डोळे मिटून बोटाने दान ओळखण्याचा खेळही त्यांच्यावर होतो. कमी दिसणाऱ्या मुलांसाठी उठावदार ठिपक्यांचे फासे मिळतात. नाही मिळाले तर पांढऱ्या फाशावर काळे ठिपके तरी निवडा. पारदर्शक रंगीत फासे दिसतात सुंदर, पण पलीकडच्या बाजूचे ठिपके आरपार दिसतात आणि नवशिकं मूल चुकीचं मोजतं.

२५ मिलिमीटरचा लाकडी फासा

तीन ते पाच वयासाठी हा सर्वांत चांगला, आणि त्यातही कोरा घेतलेला बरा. कोऱ्या घनावर स्वतः ठिपके काढता येतात, आणि इथेच बाजारात मिळणारं तयार सामान कमी पडतं. साडेतीन वर्षांच्या मुलाला सहा ठिपके एका नजरेत ओळखता येत नाहीत, ते दर वेळी बोट ठेवून मोजत बसतं आणि खेळ रेंगाळतो. सहा बाजूंवर १, १, २, २, ३, ३ असे ठिपके काढा. तीनपर्यंतचा आकडा न मोजता ‘दिसू’ लागला की दुसरा घन ४, ५, ६ चा करा. कायमस्वरूपी मार्कर लाकडात पसरतो, म्हणून आधी पांढरा अ‍ॅक्रेलिक रंग लावून वाळवा, किंवा गोल स्टिकर चिकटवून वरून पारदर्शक टेप लावा.

कडा किंचित घासलेल्या हव्यात, पण गोलाई नको. कोपरे गोल असलेला फासा लांब घरंगळतो, कोपरेवाला दोन कोलांट्यांत थांबतो. शिवाय कोपरेवाला घन रचता येतो. साधारण दोन वर्षांचं मूल इंचभर घनांचा सहाचा मनोरा रचतं, तिसऱ्या वर्षी नऊच्या आसपास जातं. ‘जेवढं दान पडेल तेवढे ठोकळे चढवायचे, मनोरा पाडेल तो हरला’ हा खेळ त्यामुळे चार वर्षांच्या मुलाला अगदी योग्य पडतो. १६ मिलिमीटरचे गोल कोपऱ्यांचे फासे चार-पाचाच्या वर टिकत नाहीत, तो खेळ सहा-सात वर्षांच्यांसाठी ठेवा.

फोमचा मोठा फासा आणि खिशांचा फासा

१५ ते २० सेंटिमीटरचा फोमचा फासा दोन्ही हातांनी, उभं राहून टाकायचा. बोटांना त्यात काम नाही, ते सगळं खांदे, पाठ आणि तोल यांचं. वर्गासाठी उत्तम, छोट्या फ्लॅटमध्ये १० सेंटिमीटरचा पुरे. अजून वस्तू चावणाऱ्या मुलाला फोम देऊ नका. कोपऱ्याचे तुकडे निघतात आणि ते घशात अडकू शकतात. हवा भरायचे फासे घेऊच नयेत. ते थांबत नाहीत आणि वाऱ्यावर जातात.

त्यापेक्षा कापडाचा, सहा बाजूंना पारदर्शक खिसे असलेला फासा पैसे वसूल करतो. आज आकडे, उद्या आकार, परवा हालचाली. कार्ड खिशाच्या मापापेक्षा तीन-चार मिलिमीटर लहान कापा आणि जाड कागद वापरा, पातळ कागद पहिल्या चार फेकांतच वाकून बाहेर डोकावतो. सहाही खिशांत कार्ड हवं. एक रिकामा ठेवला तर फासा एका बाजूला कलतो. खिशांची तोंडं फार सैल असतील तर तो नग परत करा, शिवण दुरुस्त करून भागत नाही.

हालचालींची कार्डं करताना सहाही उड्यांची करू नका. मुलं दहा मिनिटांत तापतात आणि मग कुणी ऐकत नाही. दोन जोरकस (बेडूकउडी, लंगडी), दोन ताकदीच्या (भिंतीला दोन्ही हातांनी ढकलणं, खेकड्यासारखं चालणं) आणि दोन संथ (एका पायावर उभं राहणं, उजव्या हाताने डावा गुडघा आणि डाव्या हाताने उजवा गुडघा शिवणं) असा मेळ ठेवा. कापडी फासा कृती सांगतो, छोटा फासा किती वेळा ते सांगतो. लंगडी आली की दर वेळी पाय बदलायचा, नाहीतर मूल सोयीच्या पायावरच खेळत राहतं.

विचारांचं काम: ठिपके, पट्टी आणि हिशेब

आकडे छापलेल्या फाशापेक्षा ठिपक्यांचा फासा आधी द्यावा. ठिपक्यांना लिपी लागत नाही. मराठी शाळेतल्या पहिलीच्या मुलाला ५ आणि इंग्रजी माध्यमातल्या मुलाला त्याचा वेगळा आकडा, ही अडचणच येत नाही. वाटीखाली फासा झाका, एक सेकंद उघडा, पुन्हा झाका आणि ‘किती होते?’ विचारा. मग ‘कसे दिसले?’ हेही विचारा. ‘दोन आणि दोन आणि मध्ये एक’ असं उत्तर आलं तर ते मूल बेरजेच्या उंबरठ्यावर आहे.

दोन फासे एकत्र आले की बहुतेक मुलं सगळे ठिपके एकपासून मोजतात. पाच आणि तीन पडले तर ‘एक, दोन, तीन...’ करत आठपर्यंत. यातून बाहेर काढायची एक साधी युक्ती आहे: एक फासा आकड्यांचा, दुसरा ठिपक्यांचा. आकड्यावर मोजायला ठिपकेच नसतात, त्यामुळे ‘पाच’ मनात धरून पुढे ‘सहा, सात, आठ’ म्हणावंच लागतं. आकड्यांचा फासा नसेल तर पाचाचा फासा तळहाताने झाका. ‘पाच’ म्हणून झालं, आता फक्त दुसरा मोजायचा.

पटाबद्दल. अमेरिकेतल्या गीता रमाणी आणि रॉबर्ट सीग्लर यांनी २००८ मध्ये शाळापूर्व वयाच्या मुलांसोबत केलेला अभ्यास या विषयात महत्त्वाचा मानला जातो. एका सरळ ओळीत १ ते १० आकडे असलेल्या पट्टीवर थोडे दिवस खेळलेल्या मुलांची आकड्यांची समज सुधारली. तशाच पण आकड्यांऐवजी नुसते रंग असलेल्या पट्टीवर खेळलेल्यांची सुधारली नाही. तिथे फाशाऐवजी १ आणि २ ची फिरकी होती, पण घरी कोऱ्या लाकडी घनावर १, १, १, २, २, २ असे ठिपके काढले तर तोही तेच काम करतो. महत्त्वाचं आहे ते बोलणं. सोंगटी चारवर आहे, दान दोन पडलं, तर ‘एक, दोन’ नाही म्हणायचं, ‘पाच, सहा’ म्हणायचं. मुलं उभ्या असलेल्या घरालाच ‘एक’ म्हणून मोजतात ती चूकही याने आपोआप सुटते.

म्हणूनच चार वर्षांच्या मुलाला शंभर घरांची सापशिडी देऊ नये. घरं फार, खेळ लांब, आणि आकडे एका ओळीत डावीकडून तर पुढच्या ओळीत उजवीकडून जातात. ओळीच्या टोकाला मूल हमखास उलट्या दिशेने निघतं. पुठ्ठ्याची दहा घरांची सरळ पट्टी कापून द्या, मग वीसची. सापशिडी सहाव्या वर्षी.

लुडोत सहा पडल्याशिवाय सोंगटी बाहेर न काढण्याचा नियम लहानांसाठी वाईट आहे. दहा वेळा फासा टाकूनही सहा न पडण्याची शक्यता सुमारे १६ टक्के असते, म्हणजे दर सहा मुलांत एक जण दहा फेऱ्या नुसतं बघत बसतं. ‘एक किंवा सहा’ वर बाहेर काढू द्या, ती शक्यता दोन टक्क्यांच्याही खाली येते. हरणं शिकायला हवंच, पण खेळायलाच न मिळणं ही वेगळी गोष्ट आहे.

सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी एका फाशावरचा ‘पिग’ हा खेळ आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि त्याला काही विकत घ्यावं लागत नाही. आपल्या पाळीत हवा तितक्या वेळा फासा टाकायचा, दानं जमवत जायचं. थांबलात तर जमलेलं खात्यात जमा, पण मध्ये एक पडला तर त्या पाळीचं सगळं गेलं. शंभर आधी करेल तो जिंकला. पाळीत २० जमले की पुढचा फासा टाकण्यात सरासरीने ना नफा ना तोटा: बाकी पाच दानांची बेरीज २० होते आणि एक पडला तर गमवायचेही २०. त्याच्या आत टाकत राहणं फायद्याचं, वर गेल्यावर थांबणं. हे मुलाला लगेच सांगून टाकू नका. कागदावर प्रत्येक पाळी लिहायला लावा, काही दिवसांत ते स्वतः आकडा सुचवायला लागेल. सहा वर्षांच्या मुलाला मात्र हा खेळ रडवतो, कारण जमलेलं जाणं त्याला सहन होत नाही.

मन आवरण्याचा सराव हवा असेल तर: सम दान पडलं तर टाळी, विषम पडलं तर गप्प. दहा फेकांनी नियम उलटा करा. बदलानंतरच्या दोन-तीन फेकांत सगळेच चुकतात, मोठेसुद्धा. खेळाचा उपयोग तिथेच आहे.

सात फाशांचा संच

४, ६, ८, १०, १२, २० बाजूंचे आणि दहा-दहाने वाढणारे आकडे असलेला एक, असा संच मिळतो. आठ वर्षांखाली घेऊ नका. चार बाजूंचा फासा घरंगळत नाही, त्याचं दान वरच्या टोकाशी वाचायचं की तळाशी हे प्रत्येक बनावटीत वेगळं असतं, आणि अनवाणी पायाला तो टोचतो. वीस बाजूंच्या फाशावरचे आकडे बारीक असतात. ६ आणि ९ खाली रेघ आहे का, हे बघूनच घ्या, नाहीतर वाद मिटत नाहीत.

त्यातले दोन दहा बाजूंचे फासे मात्र मराठी मुलांसाठी विशेष कामाचे आहेत. एकावर २०, दुसऱ्यावर ५ पडले की पंचवीस. आपण पाच आधी उच्चारतो आणि लिहितो शेवटी, त्यामुळे दुसरीतली मुलं ५२ लिहून मोकळी होतात. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ अशी रीत दिली तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. तो बाजूला ठेवला तरी अडचण खरी आहे. फासे डाव्या-उजव्या बाजूला मांडून आधी ‘वीस आणि पाच’ म्हणायचं, मग ‘पंचवीस’, मग लिहायचं. दशकाचा फासा वेगळ्या रंगाचा असेल तर काम निम्मं होतं.

नावाजलेले तयार खेळ

टेन्झीत चार रंगांचे दहा-दहा, असे चाळीस फासे असतात. सगळे एकाच आकड्याचे होईपर्यंत भराभर टाकायचे. बोटांसाठी छान, पण दहा फासे आणि पेला घरी असतील तर वेगळा संच लागत नाही. याट्झीचे नियम आणि तेरा रकाने नवव्या वर्षानंतरच झेपतात, मात्र ‘कोणते फासे ठेवू, कोणते पुन्हा टाकू’ हा विचार त्यात उत्तम घडतो. चित्रांच्या नऊ फाशांचे स्टोरी क्यूब्ज भाषेसाठी घ्यावेत. नऊ एकदम दिले तर मूल नुसती नावं सांगत जातं, तीनने सुरुवात करा.

घरात कवड्या किंवा फोडलेले चिंचोके असतील तर तेही काढा. चार कवड्यांत दोन उताण्या पडण्याची वेळ वारंवार येते आणि चारही उताण्या पडणं दुर्मिळ. साध्या फाशाची सहाही दानं सारख्याच वेळा पडतात, कवड्यांचं तसं नाही. हा फरक तिसरी-चौथीतल्या मुलाला कागदावर रेघोट्या मारून स्वतः सापडतो.

दाबलं की घुमटातला फासा उडतो अशी खेळणी आणि मोबाइलवरचे फासे बोटांना काहीच देत नाहीत. ज्या मुलाला फासा धरताच येत नाही, त्याला सगळ्यांबरोबर खेळता यावं म्हणून घुमट जरूर घ्या. एरवी नको. आणि बटणं, चमचा, पेन्सिल सगळीकडेच हात अडखळत असेल तर फाशांवर विसंबू नका, ऑक्युपेशनल थेरपिस्टला, म्हणजे रोजच्या कामांतल्या अशा अडचणींवर उपचार करणाऱ्या तज्ज्ञाला, दाखवा.

दुकानात काय बघायचं

खेळण्यांना भारतात १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. लहान मुलाचं खेळणं म्हणून विकला जाणारा संच घेताना खोक्यावर चिन्ह आणि त्याखालचा परवाना क्रमांक, दोन्ही बघा. फासा नाकाशी धरा, रंगाचा उग्र वास आला तर परत ठेवा. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात येते का ते तपासा. न आल्यास खेळ अडत नाही, पण ‘वर तीन, तर खाली किती?’ हा सोपा आणि मुलांना फार आवडणारा प्रश्न विचारता येत नाही. घरी आल्यावर साठ वेळा टाकून नोंद करा, दुसरी-तिसरीच्या मुलालाच करू द्या. प्रत्येक दान दहाच्या आसपास यायला हवं. पाच ते पंधरामध्ये असेल तर फासा ठीक. एखादं दान वीसच्या घरात गेलं तर आणखी साठ वेळा टाका, आणि पुन्हा तेच झालं तर तो फासा मनोरा रचायच्या डब्यात टाका.